आकडे, टप्पे आणि नकाशाचा रंग

निवेदनाला तक्ता जोडला तर कचेरीतला साहेब तो उलटून ठेवतो. नकाशा जोडला तर निदान क्षणभर थांबून पाहतो. हे चळवळीतल्या तरुणांच्या ध्यानात आले आहे, म्हणूनच गेल्या काही वर्षांत आपले कार्यकर्ते आणि विद्यार्थी संगणकावर स्वतः नकाशे करू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या नकाशांतला एखादा जिल्हा गडद का आणि शेजारचा फिका का, असे विचारले की 'संगणकाने तसा रंग दिला' हे उत्तर मिळते. हे उत्तर मला मान्य नाही. संगणक रंग भरतो. तो ठरवतो मात्र माणूस. आणि माणसाने ठरवले नाही, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेला पर्याय मुकाट्याने लागू होतो. व्यवस्थेतल्या पुष्कळ गोष्टी अशाच चालतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील नकाशा घरात कधी नव्हता. वर्गात मी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर वापरतो. गॅरी शर्मन यांनी २००२ साली ते सुरू केले आणि ते फुकट मिळते. आपल्या कामाला ते पुरेसे आहे. या लेखात आकड्यांवरून नकाशा रंगवण्याची रीत सांगायची आहे, पण कुठे टिचकी मारायची एवढीच नव्हे. प्रत्येक टिचकीमागे कोणता निर्णय दडलेला असतो, तेही सांगायचे आहे.

संगणकावरचे नकाशे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक छायाचित्रासारखा, ठिपक्यांनी भरलेला. दुसरा रेषांचा, त्याला व्हेक्टर म्हणतात. या दुसऱ्या प्रकारात प्रत्येक राज्य, जिल्हा किंवा गाव ही एक बंद आकृती असते, आणि त्या आकृतीच्या पाठीमागे तक्त्यातली एक ओळ असते: नाव, संकेतांक, लोकसंख्या, साक्षरता वगैरे. नकाशा रंगवायचा म्हणजे सॉफ्टवेअरला दोन गोष्टी सांगायच्या. तक्त्यातला कोणता रकाना पाहायचा, आणि त्या रकान्यातल्या कोणत्या आकड्याला कोणती छटा द्यायची. थराच्या गुणधर्मांत 'सिम्बॉलॉजी' उघडायचे, 'सिंगल सिम्बॉल'च्या जागी 'ग्रॅज्युएटेड' निवडायचे, 'व्हॅल्यू'त रकाना द्यायचा, रंगमाला निवडायची आणि 'क्लासिफाय' दाबायचे. नकाशा तयार. एवढे काम पाच मिनिटांत होते, आणि बहुतेकांचे शिक्षण याच पाच मिनिटांत संपते.

त्याआधीचे काम कंटाळवाणे, पण चुका तिथेच शिरतात. जनगणनेचा तक्ता वेगळ्या फाइलीत असतो आणि आकृत्या वेगळ्या फाइलीत. दोन्हींची जोडणी करावी लागते. ती नावावरून करू नये. एकाच जिल्ह्याचे नाव दोन फाइलींत दोन तऱ्हांनी लिहिलेले असते, आणि आता तर औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावेच बदलली आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला संकेतांक आहे. महाराष्ट्राचे ४९७ ते ५३१, नंदुरबारपासून सांगलीपर्यंत. जोडणी या अंकांवरून करावी. राज्यांच्या संकेतांकात मात्र एक खोडी आहे. उत्तर प्रदेश एका फाइलीत '०९' असतो, दुसरीत नुसता '९', आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन वेगळी राज्ये ठरतात. आकड्यांत स्वल्पविराम असतील तर सॉफ्टवेअर तो रकाना मजकूर समजते आणि 'ग्रॅज्युएटेड'च्या यादीत तो दाखवतच नाही. देवनागरी आकडे लिहिले तरी हाच प्रकार. मराठी भाषेचा अभिमान मला आहे, पण तक्ता भरताना आकडे इंग्रजी ठेवावेत.

संकेतांकांचे आणखी एक प्रकरण आहे. २०११ साली महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. आज मिळणाऱ्या बहुतेक नकाशांत ३६ आकृत्या असतात आणि जनगणनेच्या तक्त्यात ३५ ओळी. जोडणी केली की पालघर रिकामा राहतो. ते निदान दिसते तरी. न दिसणारी चूक ठाण्यात होते. जुन्या, मोठ्या ठाण्याचा आकडा नव्या, लहान ठाण्याच्या आकृतीला चिकटतो आणि नकाशा बिनतक्रार रंगतो. जव्हार-मोखाड्याच्या माणसांची सरासरी ठाणे-कल्याणच्या नावावर जमा होते. यावर उपाय एकच: आकडे ज्या वर्षाचे, सीमाही त्याच वर्षाच्या घ्यायच्या.

आता मुख्य निर्णयांकडे येतो. पहिला प्रश्न: रंग कशाचा, संख्येचा की प्रमाणाचा? २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींचे लोक ४ कोटी १४ लाख. पंजाबात ८८ लाख ६० हजार, महाराष्ट्रात १ कोटी ३३ लाख. संख्येवरून रंगवले तर उत्तर प्रदेश सर्वांत गडद आणि महाराष्ट्र पंजाबाहून गडद. प्रमाण घेतले तर चित्र उलटते. पंजाब ३१.९ टक्के, देशात सर्वाधिक. उत्तर प्रदेश २०.७, महाराष्ट्र ११.८. दोन्ही नकाशे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. वसतिगृहे किती हवीत हा संख्येचा प्रश्न. मतदारसंघात आपला शब्द किती चालेल हा प्रमाणाचा.

भूगोलाचा नियम असा की आकृती आतून रंगवायची असेल तर प्रमाण घ्यावे. संख्या दाखवायची तर लहानमोठी वर्तुळे काढावीत. कारण डोळा रंगासोबत क्षेत्रफळही वाचतो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून सुमारे ६०३ चौरस किलोमीटर, आणि तिथे २०११ साली १ कोटी २४ लाख माणसे राहत होती. गडचिरोली १४ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, माणसे पावणेअकरा लाख. राज्याच्या नकाशात गडचिरोली पसरलेला दिसतो आणि मुंबई नखाएवढी. धारावी, चेंबूर, वरळी, घाटकोपर इथले आपले लोक त्या नखाखाली झाकले जातात. आकृत्यांचे मध्यबिंदू काढून त्या बिंदूंना आकड्याप्रमाणे आकार दिला की मुंबई पुन्हा दिसू लागते. 'ग्रॅज्युएटेड'मध्ये बिंदूंच्या थरासाठी रंगाऐवजी आकार निवडता येतो.

प्रमाण काढतानाही भागायचे कशाने, हे विचारावे लागते. जिल्ह्यातले अनुसूचित जातींचे लोक भागिले जिल्ह्याची लोकसंख्या, हे एक प्रमाण. जिल्ह्यातले अनुसूचित जातींचे लोक भागिले राज्यातले अनुसूचित जातींचे एकूण लोक, हे दुसरे. पुणे जिल्ह्यात पहिले प्रमाण सुमारे साडेबारा टक्के, अकोल्यात सुमारे वीस. पहिल्या नकाशात अकोला गडद. दुसऱ्या नकाशात पुणे अकोल्याच्या तिपटीहून अधिक भरते, कारण पुण्यात जवळपास १२ लाख माणसे आहेत आणि अकोल्यात साडेतीन लाखांच्या थोडी वर. निधीची वाटणी कोणत्या भाजकाने करायची यावर बैठका होतात, पण भाजक कोणता घेतला हे कागदावर क्वचितच लिहिलेले असते.

दुसरा प्रश्न टप्प्यांचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सगळी खरी गंमत, आणि सगळी लबाडीही, इथेच आहे.

२०११ साली देशात २८ राज्ये होती. त्यांतील अरुणाचल आणि नागालँड यांच्यापुढे अनुसूचित जातींच्या रकान्यात शून्य आहे; ती दोन तूर्त बाजूला ठेवू. उरली २६. सर्वांत कमी मिझोराम ०.१ टक्के, सर्वांत जास्त पंजाब ३१.९. पाच छटा वापरायच्या ठरवल्या. आता टप्पे कसे पाडायचे?

'इक्वल इंटरव्हल' निवडले तर सॉफ्टवेअर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यातले अंतर पाच समान भागांत कापते. प्रत्येक टप्पा सुमारे ६.४ टक्क्यांचा. शेवटच्या टप्प्यात पंजाब एकटा. हिमाचल प्रदेश २५.२, पश्चिम बंगाल २३.५, उत्तर प्रदेश २०.७, हरियाणा २०.२, तामिळनाडू २०.० हे सगळे एका छटेत. पंजाब हा अपवाद आहे आणि बाकी देश बेताचा आहे, असा समज हा नकाशा करून देतो.

'इक्वल काउंट' निवडले तर प्रत्येक छटेत जवळपास सारखी राज्ये येतात. सर्वांत गडद छटेत पाच: पंजाब, हिमाचल, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश, हरियाणा. तामिळनाडू एक पायरी खाली, फिक्या छटेत. म्हणजे पंजाब आणि हरियाणा यांच्यात पावणेबारा टक्क्यांचे अंतर असूनही रंग एक, आणि हरियाणा व तामिळनाडू यांच्यात अंतर अवघे ०.२ टक्क्याचे असूनही रंग दोन. आकडा एकही बदललेला नाही. बदलली ती फक्त कापण्याची रीत. नकाशा हातात घेणारा माणूस मात्र हरियाणा आणि तामिळनाडू यांच्यात मोठी दरी आहे असे समजून घरी जातो.

'नॅचरल ब्रेक्स' ही तिसरी रीत. जॉर्ज जेंक्स या अमेरिकन नकाशाकाराच्या नावाने ती ओळखली जाते. आकड्यांची घोळके कुठे आहेत आणि मध्ये फटी कुठे आहेत ते पाहून ती टप्पे पाडते. ही रीत बरीच समंजस वाटते, आणि एका वर्षाच्या एकाच नकाशापुरती ती आहेही. पण तिचे टप्पे त्या त्या आकड्यांतून जन्मतात. पुढच्या जनगणनेचे आकडे घातले की टप्पे सरकतात, आणि दोन नकाशांतला सारखा रंग सारखा अर्थ देत नाही. 'प्रिटी ब्रेक्स' म्हणजे ५, १०, १५ असे सोपे आकडे. विद्वान तिला नाके मुरडतात, पण गावातल्या सभेत समजावून सांगायला मला तीच बरी वाटते.

या सगळ्या रीतींत एक समान दोष आहे. टप्पा कुठे पडावा हे त्या फक्त आकड्यांना विचारतात. ज्या जगात ते आकडे लागू होतात त्या जगाला विचारत नाहीत. आपल्या जगात काही रेषा आधीच आखलेल्या आहेत. केंद्र सरकारची प्रधानमंत्री आदर्श ग्राम योजना २००९-१० मध्ये सुरू झाली तेव्हा तिची अट होती: गावात अनुसूचित जातींची लोकसंख्या ५० टक्क्यांहून अधिक हवी. म्हणजे ५१ टक्क्यांचे गाव आत आणि ४९ टक्क्यांचे बाहेर. आता समजा एखाद्या तालुक्यातल्या गावांचा नकाशा सॉफ्टवेअरने ४३ ते ५८ असा टप्पा पाडून रंगवला. आतले आणि बाहेरचे गाव एकाच रंगात गेले. ज्या रेषेवरून भांडायचे होते तीच रेषा नकाशाने पुसून टाकली! अशा वेळी टप्प्यांचे आकडे स्वतः लिहावेत. यादीतल्या टप्प्यावर दोनदा टिचकी मारली की वरची व खालची मर्यादा हाताने भरता येते. आपल्याकडच्या वस्ती सुधार योजनेतही अनुदान वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार ठरते. तिथे नकाशाचे टप्पे शासन निर्णयातूनच उचलावेत. देशाचा नकाशा असेल तर १६.६ टक्के या देशाच्या सरासरीवर एक टप्पा तोडावा. कोण वर, कोण खाली, हे लगेच कळते.

आता बाजूला ठेवलेल्या त्या शून्याकडे वळू. नागालँडच्या रकान्यात शून्य आहे, कारण नागालँडसाठी अनुसूचित जातींची यादीच नाही. मिझोरामचा ०.१ हा मोजून आलेला आकडा; नागालँडचा शून्य हा न मोजण्यातून आलेला. दोन्ही सर्वांत फिक्या छटेत घालणे हा वैचारिक गोंधळ आहे. क्यूजीआयएसमध्ये रकाना खरोखर रिकामा असेल तर 'ग्रॅज्युएटेड' ती आकृती रंगवतच नाही, तिथे भोक पडते. पण रिकाम्याच्या जागी कोणी शून्य भरून ठेवले असेल तर ते निमूट फिका रंग घेते. म्हणून जोडणीनंतर मी विद्यार्थ्यांना प्रत्येक शून्याची चौकशी करायला लावतो. मोजले नाही अशा आकृत्यांना वेगळी, तिरप्या रेषांची खूण द्यावी.

न मोजण्याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच राज्यातला आहे. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१ टक्के होते. १९९१ च्या जनगणनेत ते ११.१ टक्के झाले. ५, १०, १५ असे टप्पे घेऊन दोन्ही वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले तर महाराष्ट्र एक छटा गडद झालेला दिसतो. दहा वर्षांत असे काय घडले? जन्म वाढले नाहीत, बाहेरून माणसे आली नाहीत. कायदा बदलला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा सदस्य मानले जात होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, आणि बौद्धांचा १९९० साली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांसोबत ज्यांनी धम्म स्वीकारला आणि नंतरच्या वर्षांत ज्यांनी जनगणनेच्या कागदावर 'बौद्ध' असे लिहिले, ती माणसे १९६१, १९७१ आणि १९८१ च्या या रकान्यातून वजा झाली होती. ती त्याच वस्त्यांत राहत होती, त्याच विहिरींवरून परत पाठवली जात होती. नकाशात मात्र तिथला रंग फिका होता. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित या रकान्यात आजही नाहीत. १९८१ आणि १९९१ चे नकाशे कोणी 'वाढ' म्हणून दाखवू लागला, तर त्याला १९९० सालची आठवण करून द्यावी.

तिसरा प्रश्न खुद्द रंगाचा. आकड्याप्रमाणे प्रदेशाला छटा देण्याची पद्धत फ्रान्समध्ये चार्ल्स द्यूपँ याने १८२६ साली वापरली. अशा नकाशांतला तो सर्वांत जुना मानला जातो. शाळेत जाणाऱ्या मुलग्यांचे लोकसंख्येशी प्रमाण काढून त्याने फ्रान्सचे प्रांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंगवले. जिथे शिक्षण कमी तिथे काळे. म्हणजे या तंत्राच्या जन्मापासूनच गडद रंगाला अज्ञानाचा अर्थ चिकटला आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताने आपल्या विद्यार्थ्यांसह तक्ते आणि नकाशे मांडले. त्यांत जॉर्जिया राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंख्येचे, काउंटीवार टप्पे पाडून हाताने रंगवलेले नकाशेही होते. ज्यांना आजवर इतरांनी मोजले ते स्वतः मोजू लागले, स्वतः रंगवू लागले, हे त्या नकाशांचे मोल. याच द्युबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. आणि बाबासाहेबांच्या १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथाला जिल्हावार लोकसंख्येची परिशिष्टे आणि नकाशे जोडलेले आहेत, हे आपल्याकडचे पुष्कळ वाचक विसरतात. फाळणीचा वाद भावनेच्या अंगाने चालला असताना हा माणूस जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे मांडून बसला होता.

सॉफ्टवेअरच्या रंगमालांत तांबडा नेहमी पुढे असतो. आपल्या लोकांचे प्रमाण तांबड्याने दाखवू नये. तांबडा म्हणजे धोका, रोग, दंगल असे डोळ्याला शिकवलेले आहे. विद्यार्थी अर्थातच निळा मागतात. त्याला माझी हरकत नाही. एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंतच्या छटा हीच चढत्या आकड्यांसाठी योग्य रीत. फक्त धरणे आणि नद्यांचा थर त्याच नकाशात असेल तर उजनीचे पाणी ही दलित वस्ती वाटेल एवढे लक्षात ठेवावे! हिरवा-पिवळा-तांबडा अशी दोन टोकांची रंगमाला तेव्हाच घ्यावी जेव्हा आकड्यांना मध्य असेल. उदाहरणार्थ, २०११ साली देशाची साक्षरता ७३.० टक्के आणि अनुसूचित जातींची ६६.१. प्रत्येक जिल्ह्यात एकूण साक्षरता आणि आपली साक्षरता यांतले अंतर काढले तर शून्य हा मध्य ठरतो. अंतर एका बाजूला गेले की एक रंग, दुसऱ्या बाजूला गेले की दुसरा. तिथेही हिरवा आणि तांबडा एकत्र नको, कारण काहींना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्याऐवजी जांभळा आणि नारिंगी घ्यावेत. शेवटची कसोटी झेरॉक्सची. आपली निवेदने झेरॉक्सवर जगतात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत पाच छटा पाच म्हणून ओळखू येत नसतील तर तीन करा.

इथवर राज्य आणि जिल्हा झाला. पण आपला प्रश्न गावाचा आहे, आणि तिथे ही पद्धत तिच्या मर्यादेला येऊन थडकते. नकाशात गाव म्हणजे एक आकृती, एक ओळ, एक रंग. समजा हजार वस्तीच्या गावात दोनशे माणसे अनुसूचित जातींची आहेत. तक्ता म्हणतो वीस टक्के. सगळे गाव, शिवारासकट, वीस टक्क्यांच्या छटेने एकसारखे रंगते. प्रत्यक्षात त्या गावात वीस टक्के असे कुठेच नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीत शंभर आहे आणि वेशीच्या आत शून्य. सरासरी काढताना गावकूस नाहीसे होते. समतेचे एवढे सोपे चित्र दुसऱ्या कुठल्या साधनाने काढता आले नसते! बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये स्वतंत्र वसाहतींची मागणी केली ती गावोगाव विखुरलेल्या याच अल्पसंख्येकडे पाहून.

तलाठ्याकडच्या गाव नकाशातही वस्ती सापडत नाही. तिथे शेतांचे गट नंबर बारकाईने आखलेले असतात आणि गावठाण एक सलग तुकडा म्हणून सोडलेले. माझ्या वडिलांना प्रत्येक गटाचा मालक तोंडपाठ होता, कारण त्या बहुतेक गटांत त्यांनी मजुरी केली होती. आमचे घर मात्र त्या कागदावर कुठेच दाखवता आले नसते.

म्हणून गावापुरता नकाशा करताना आकृती रंगवू नये. वस्त्यांचे बिंदू घ्यावेत. मोबाइलवर स्थान नोंदवता येते. प्रत्येक वस्तीत उभे राहून ते नोंदवावे आणि तक्त्यात मोजके रकाने ठेवावेत: घरे किती, माणसे किती, पिण्याच्या पाण्याचे अंतर किती मीटर, पक्का रस्ता कुठवर, स्मशानभूमीची वाट आहे की नाही. मग त्याच 'ग्रॅज्युएटेड'मध्ये बिंदूचा रंग पाण्याच्या अंतरावरून आणि आकार माणसांवरून ठरवावा. टप्पे हाताने घालावेत: १०० मीटरपर्यंत, ५०० पर्यंत, त्यापुढे. गावातल्या इतर वस्त्यांचेही बिंदू त्याच टप्प्यांत घ्यावेत, नाहीतर तुलना राहत नाही. घरमालकांची नावे आणि मोबाइल क्रमांक या तक्त्यात घालू नयेत. फाइल कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो, आणि बहिष्कार टाकणाऱ्याला पत्ते पुरवणे हे आपले काम नाही.

नकाशा छापताना कोपऱ्यात मोकळी जागा ठेवून आकड्यांचे वर्ष, कशाने भागले ते, टप्पे कोणी आणि कशावरून ठरवले ते, कोणते लोक रकान्यात धरलेले नाहीत आणि छपाईची तारीख, इतके लिहावे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची असेल आणि तिच्यात जातींची मोजणी होईल, असे सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. ते आकडे हाती येतील तेव्हा जिल्ह्यांच्या सीमा वेगळ्या असतील, नावे वेगळी असतील आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहण्याची घाई सगळ्यांनाच असेल. २०११ च्या सीमांची फाइल आणि आपण घातलेले टप्पे आत्ताच दोन-तीन ठिकाणी जपून ठेवावेत. नवे आकडे प्रथम त्याच जुन्या टप्प्यांत रंगवायचे आहेत.